आळीतलं प्रत्येक घर 'पेशवेकालीन' कसं? जुन्या घरांचं वय ओळखायचं तरी कसं?

घाटपायरी
मंडळी, मदत हवी आहे. आम्ही वाईत, नदीकडे उतरणाऱ्या एका आळीत राहतो. यंदा कृष्णाबाईच्या उत्सवाला बाहेरगावची मंडळी येतील, तेव्हा आळीतल्या जुन्या घरांची एक फेरी काढावी असं आम्हा चार-पाच जणांच्या डोक्यात आलंय. घाटापासून मोठ्या रस्त्यापर्यंत दोन्ही हातांची घरं. प्रत्येक घरासमोर छोटी पाटी: साधारण काळ, शैली, बघण्यासारखं काय.

माशी शिंकली ती पाटीच्या मजकुरात. कुठल्याही घरमालकाला विचारा, उत्तर ठरलेलं: "पेशवेकालीन!"

आता आमच्या समोरचंच घर घ्या. घडीव काळ्या दगडाचं जोतं, दिंडी दरवाजा, आत चौक, ओसरीला सुरूचे (म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकारात कोरलेले) सागवानी खांब, खाली दगडी उथळी, म्हणजे खांबाची बैठक. इथवर ठीक. पण मान वर केली की माडीला ओतीव लोखंडाचा वेलबुट्टीचा कठडा, छपरावर मंगलोरी कौलं. ओसरीत रंगीत फुलांच्या सिमेंटच्या फरश्या. आणि उजव्या अंगाला जोडून बांधलेली खोली, तिच्या कपाळावर सिमेंटात ॐ आणि खाली १९४१. ह्या घराच्या पाटीवर काय लिहू?

आळशी_मांजर
शैली: जेव्हा जेव्हा पैसे आले तेव्हाची.

कुरकुरे_काका
मांजरा, +१. धागा संपला, कुलूप लावा.

बखरवाला
कुलूप नको, मला ह्या 'पेशवेकालीन' वर बरंच बोलायचंय.

पेशवाई १८१८ मध्ये संपली. त्यानंतर वाई लगेच इंग्रजांकडे गेली नाही. सातारचं राज्य छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडे राहिलं, पुढे त्यांचे बंधू शहाजी, आणि १८४८ मध्ये ते खालसा झालं. म्हणजे मधली तीस वर्षं. त्या काळात बांधलेल्या वाड्याला पेशवेकालीन म्हणणं म्हणजे महाराजांना डावलणं. पण कारागीर तेच होते, लाकूड तेच, पद्धत तीच. नुसतं बघून १८०५ चा वाडा कुठला आणि १८३५ चा कुठला हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. म्हणून कागद नसेल तर पाटीवर साल घालू नका.

वाईत खात्रीचे पेशवेकालीन नमुने आहेतच की. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ चं, गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं. रास्त्यांचा वाईशी संबंध किती जुना हे सांगायला नको, नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई ह्याच घराण्यातल्या. पलीकडे मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा. आधी तिथे जाऊन डोळा तयार करा, मग आळीत या.

तुळईखाली
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो, त्यामुळे हा धागा सोडवत नाही. घाटपायरी, अख्ख्या घराचं वय शोधू नका. एकेका भागाचं शोधा. मी नव्या वाड्यात शिरलो की काय बघतो ते सांगतो.

पहिल्यांदा रस्त्याकडची भिंत. जुन्या वाड्याची खालची भिंत रस्त्याला पाठ दाखवून असते. खिडक्या लहान, उंचावर, किंवा नाहीतच. सगळा उजेड आणि वारा चौकातून. दरोड्याची, लुटीची भीती होती तोवर हेच शहाणपण होतं. रस्त्याकडे मोठ्या खिडक्या आणि लोंबता सज्जा दिसला की समजा, मालकाला आता रस्त्याची भीती वाटत नाही, उलट रस्त्याने आपल्याला बघावं असं वाटतंय. हा बदल प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातला.

मग विटा. गिलावा पडलेल्या जागी बघा. पातळ, चपट्या विटा जुन्या. आजच्यासारख्या जाड, नऊ इंची विटा इंग्रजी अमदानीतल्या.

खिळे. चौकोनी अंगाचा, ओबडधोबड डोक्याचा खिळा लोहाराने ठोकलेला. गोल, गुळगुळीत, तारेचा खिळा कारखान्यातला, तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे आला. पण एक खिळा बघून निकाल देऊ नका, दुरुस्तीत कुणीही कुठलाही ठोकलेला असतो. मूळ सांध्यांत तर खिळा नसतोच, लाकडाची खुंटी असते.

माडीखाली लोखंडी गर्डर असेल तर टॉर्च घेऊन त्याच्या कुशीवरची उठावाची अक्षरं वाचा. कंपनीचं नाव असतं. मी डॉर्मन लाँग, मिडल्सबरो, इंग्लंड असं कितीदा तरी वाचलंय. टाटांचं नाव असेल तर १९१२ च्या आधीचा तो गर्डर असूच शकत नाही, कारण जमशेदपूरला पोलाद तेव्हा सुरू झालं.

फरश्या: रंगीत फुलांच्या सिमेंटच्या फरश्या देशी असतील तर १९२० च्या दशकातल्या किंवा त्यानंतरच्या धरा. भारत फ्लोअरिंग १९२२ ला स्वदेशीच्या जोशात सुरू झाली, मग बरेच जण त्यात उतरले. त्याआधीच्या बहुतेक विलायती, चिनी मातीच्या.

तुमच्या समोरच्या घराचं माझं वाचन: खालचा मजला आणि चौक सर्वांत जुना, माडीचा दर्शनी भाग आणि छप्पर इंग्रजी काळात नवं केलेलं, फरश्या नंतर, आणि १९४१ तर स्वतःच बोलतंय.

शमा_कोथरूड
तुळईखाली, जबरदस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली. कौलांबद्दल राहिलं. आमच्या आजोळी कौलावरच १८६५ साल छापलेलं आहे. मग घर निदान तेवढं जुनं धरायला हरकत नाही ना?

तुळईखाली
हरकत आहे! ह्या कौलाने लई लोकांना फसवलंय. १८६५ हे बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना निघाला ते साल. ते कौलावर छापायचे, दुकानाच्या पाटीवर 'स्थापना' लिहितात तसं. ते कौल १९१० ला भाजलेलंही असू शकतं. कौल एवढंच सांगतं की छप्पर १८६५ च्या नंतरचं. त्याआधी आपल्याकडे हाताने थापलेली नळीची कौलं असायची, माकडं नाचली की दरवर्षी शाकारायला लागायची. मंगलोरी कौल खाचेत बसतं, हलत नाही, वजनाला हलकं. म्हणून ज्याला परवडलं त्याने जुनं उतरवून हे चढवलं.

वाईकडे तर पुणे-मिरज रेल्वे झाल्यावर वाठार स्टेशनपर्यंत माल येऊ लागला. कौलं, गर्डर, कठडे, सगळं बैलगाडीने पुढे. त्यामुळे तुमच्या आळीत बऱ्याच माड्यांचा चेहरा एकदम त्याच सुमाराला बदललेला दिसला तर नवल वाटायला नको.

कुरकुरे_काका
माकडं अजूनही नाचतात. मंगलोरी कौलंही फोडतात. आपलं सांगून ठेवलं.

एफएसआय_जिंदाबाद
सगळे खांब-तुळया करताय, आता कटू बोलतो. मी अशाच एका गावात वाड्यात वाढलो. गाव सांगत नाही. माजघरात दिवसा दिवा. मोरी चौकाच्या पलीकडे, पावसात रात्री लघवीला उठायचं म्हणजे दिव्य. जिना इतका उभा की आजी शेवटची काही वर्षं माडीवर गेलीच नाही. कडीपाटातून माती गळायची ती थेट ताटात. आज तिथे तीन मजली इमारत आहे, प्रत्येक काकाला एकेक फ्लॅट, लिफ्ट आहे, आई सुखात आहे. फेरी काढणारे दोन तास येतात, फोटो काढतात, पुण्याला टू बीएचकेत परत जातात.

सुमेधा_व
एफएसआय, लिफ्टबद्दल वाद नाही. पण 'प्रत्येक काकाला एकेक फ्लॅट' हे झालं, कारण तुमच्याकडे सगळे काका सही करायला तयार होते. आमच्याकडे मिळकत पत्रिकेवर आजोबांच्या आजोबांपासूनची नावं आहेत, वारस तीन देशांत. वाडा पाडताही येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. एका अंगाचं छप्पर खचलं तेव्हा पत्रे टाकायचे पैसे कुणी द्यायचे ह्यावर व्हॉट्सअॅप ग्रुप फुटला.

आणि भाडेकरूंचं कुणी बोलत नाहीये. माझं बालपण वाड्यात गेलं ते भाडेकरू म्हणून. दोन खोल्या, सामाईक नळ, भाडं ऐकाल तर हसाल. मालक दुरुस्ती करत नसत म्हणून आम्ही बोटं मोडायचो. मोठं झाल्यावर कळलं, त्या भाड्यात एक कौलसुद्धा बदलता आलं नसतं.

बखरवाला
सुमेधाताई, मुद्दा नेमका. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं. युद्ध, फाळणी, घरटंचाई, त्या वेळी कारण रास्त होतं. पण गोठलं ते गोठलंच. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते. कशावर चार टक्के? त्याच जुन्या भाड्यावर! माझं मत स्पष्ट आहे, वाड्यांचं वाळवीने केलं नसेल तेवढं नुकसान ह्या भाड्याने केलं.

साधना_मिरज
बखरवाला, असहमत. भाडेकरू नसते तर ते वाडे साठ-सत्तर सालातच पाडले गेले असते. माणसं आत राहिली, चूल पेटती राहिली, सारवण-झाडलोट होत राहिली, म्हणून उभे आहेत. कुलूप लावलेला वाडा आधी पडतो. आमच्या गल्लीत भाडेकरूंचे दोन शाबूत आहेत, आणि मालक मुंबईला गेले त्यांच्या चौकात पिंपळ उगवलाय.

एफएसआय_जिंदाबाद
हे मात्र खरं.

पाटाचं_पाणी
अवांतर. आम्ही गुहागरचे. 'रस्ता आणि त्याच्या दोन बाजूंची घरं' ह्याचा नमुना बघायचा तर आमच्याकडे या. अख्खं गाव एका लांबलचक रस्त्याला ओवलेलं, वरचा पाट आणि खालचा पाट. समुद्राकडच्या अंगाला रस्त्यावर घर, मागे माडा-पोफळीची वाडी, ती अरुंद पट्टीसारखी थेट किनाऱ्यापर्यंत. रस्त्याकडची बाजू अरुंद आणि खोली ही एवढी, म्हणून घरही तसंच मागे मागे जातं: अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, विहीर. चौक जवळजवळ कुठेच नाही. पावसाचं पाणी घरात घ्यायला कोकणस्थ वेडा नाही. जांभा चिरा, उतरतं छप्पर, वळचण इतकी खाली की पाहुण्याच्या कपाळाला टेंगूळ ठरलेलं.

गडी_लातूरचा
आमच्याकडं उलटं, छप्पर सपाट. माळवद म्हणतात. खाली लाकडी लादनी, वर जाडजूड माती, दर उन्हाळ्यात पाऊस यायच्या आत पांढऱ्या मातीचा नवा थर. उन्हाळ्यात आत एसी झक मारतो. पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत ह्याच घरांनी माणसं गाडली, हे विसरून वाड्यांचं कौतुक करवत नाही. माझ्या मामाचं गाव त्या पट्ट्यातलं. आजही घरातले म्हातारे दगडी भिंतीखाली झोपत नाहीत.

तुळईखाली
गडी, ह्यावर थट्टा नाही. नेमकं काय झालं ते मात्र सांगायला हवं, कारण वाईलाही ते लागू आहे. तिथल्या भिंती दीड-दोन हात जाड, पण आतून दोन वेगवेगळ्या पापुद्र्यांच्या. बाहेरून एक दगडी तोंड, आतून एक, मध्ये माती आणि खडी. दोन्हींना बांधणारे आरपार लांब दगड घातलेलेच नव्हते. हादरा बसला तशी दोन तोंडं फाकली, आणि वरून मातीचा टनावारी भार. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता तिथे भिंती पडूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणं आहेत.

वाईच्या मंडळींनी ११ डिसेंबर १९६७ ची पहाट घरच्या मोठ्यांना विचारावी. कोयनेचा धक्का. जुन्या घराच्या भिंतीचं पोट बाहेर आलेलं दिसलं तर त्यावर गिलावा मारून झाकू नका, आधी अभियंत्याला दाखवा. फेरीच्या दिवशी माडीवर एका वेळी किती माणसं चढवायची हेही त्याच्याकडूनच घ्या. पन्नास जण सज्जात उभे राहून सेल्फी काढणार असतील तर मी येत नाही.

घाटपायरी
माडीवर कुणालाच न्यायचं नाही असं ठरतंय. ओसरी आणि चौक, बस्स. गिलाव्याचा विषय निघालाच आहे तर: आमच्या शेजारी मागे ओल येते म्हणून मालकांनी कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला. आता ओल छातीपर्यंत चढली आहे. असं का?

तुळईखाली
होणारच होतं. मातीत किंवा चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतून ओल घेते आणि अंगातून सोडते. सिमेंटने दार बंद केलं की ओल वर वाट शोधते. तो गिलावा उतरवून चुन्याचा करा. कळी चुना नीट मुरवलेला हवा, आज भिजवून उद्या लावलेला नाही. जुने लोक त्यात गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर घालत. गवंडी "साहेब, आता कोण करतं हे" म्हणेल. दुसरा गवंडी शोधा.

बार्देशकर
गोव्याहून हजेरी. आमच्याकडे एकाच रस्त्यावर दोन प्रकार शेजारी नांदतात. ख्रिस्ती घराला रस्त्याकडे तोंड करून बाल्कांव (पुढचा उघडा ओटा), दोन बाजूंना बसायचे सोपे, म्हणजे बाकं, जाणाऱ्या-येणाऱ्याशी गजाली. जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे तुकडे, उजेड दुधाळ येतो. शेजारचं हिंदू घर मात्र आत वळलेलं, मधोमध राजांगण, म्हणजे तुमचा चौक, आणि त्यात तुळस. लोक दोन्हींना सरसकट 'पोर्तुगीज घर' म्हणून मोकळे होतात आणि राजांगणाच्या मालकाला राग येतो. तुमच्या 'पेशवेकालीन' ची गोव्यातली जुळी बहीण!

अवांतर: मेणवलीच्या घाटावरची मोठी घंटा आमच्याकडची असं ऐकतो. परत देणार का? :)

बखरवाला
वसईची हो, १७३९. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा देशावर आल्या, त्यातली ही. तुमचा दावा वसईकरांशी आधी सोडवून या.

धुक्यातला_लेस्टर
इंग्लंडातून लिहितोय. इथे जुनी घरं यादीत टाकतात, ग्रेड एक, दोन-तारांकित आणि दोन. माझ्या एका मित्राने यादीतलं घर हौसेने घेतलं. आता खिडकीची एक काच बदलायची तर अर्ज. ओळीतली सगळी घरं देखणी राहिलीत, हे खरं. मित्र मात्र थंडीत घरात टोपी घालून बसतो. आपल्याकडे असा कायदा आला तर पहिला मोर्चा तुमच्याच आळीतून निघेल.

एफएसआय_जिंदाबाद
मोर्च्याचा अध्यक्ष मी. वारसा म्हणून यादीत घालायचं तर दुरुस्तीला रोकड द्या. मुंबईत निदान विकास हक्क (आपल्या जागेवर न वापरलेलं बांधकाम दुसऱ्याला दुसरीकडे करू देण्याचा हक्क) विकून चार पैसे येतात, तालुक्याच्या गावी ते हक्क घेणार कोण?

आळशी_मांजर
पाटीचं काय झालं? बिचारा धागाकर्ता उथळ्यावर बसून वाट बघतोय.

शमा_कोथरूड
पाटीवर 'शैली' हा रकानाच काढून टाका असं सुचवते. त्याऐवजी 'काय कधी आलं' असं चार ओळींत. लोकांना तेच आवडेल, मान वर-खाली करून शोधतील. लहान मुलांना तर खेळच होईल.

साधना_मिरज
आणि कुणी कुठे राहायचं तेही घाला. माजघरात कोण, माडीवर कोण, भाडेकरू कुठल्या खोल्यांत. घाटावरून पाणी आणणाऱ्या बायका कुठल्या दाराने आत यायच्या? मागच्या. त्या दाराची पाटी कुणी लावत नाही.

घाटपायरी
साधनाताई, हे घेतलंच. परसदारातून घाटाकडे जाणारा बोळ आहे, फेरी तिथूनच सुरू करू. सगळ्यांचं वाचून समोरच्या घराचा मसुदा केलाय, बघा:

"खालचा मजला, चौक, सुरूचे खांब: जुना वाडा, साल देणारा कागद उपलब्ध नाही. दर्शनी माडी, ओतीव कठडा, मंगलोरी कौलं: इंग्रजी अमदानी. रंगीत फरश्या: १९२० नंतर. उजवीकडची खोली: १९४१, सिमेंट काँक्रीट. मागचं दार: घाटावरून पाणी येई ते इथून."

मालकांना वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं, सगळं मान्य, पण सुरुवातीला 'पेशवेकालीन' एवढा एक शब्द हवाच, नाहीतर पाटी लावू देणार नाही. व्याही येणार आहेत उत्सवाला.

बखरवाला
'पेशवेकालीन धाटणीचा' लिहा. खोटं नाही आणि व्याहीही खूश.

कुरकुरे_काका
बखरवाला, एवढ्या तत्त्वांची व्याह्यांपुढे ही गत?

बखरवाला
मुलीचा बाप आहे मी. समजून घ्या.

तुळईखाली
मसुदा उत्तम. एकच विनंती, पाटी खांबावर किंवा चौकटीवर खिळ्याने ठोकू नका. दोनशे वर्षांच्या सागाला चिरा जातात. लोखंडी स्टँडवर लावा, किंवा सुतळीने कठड्याला बांधा.

घाटपायरी
स्टँड मांडववाल्याकडून मिळतायत. माकडांचं काय करायचं ते कुरकुरे काकांनी सांगावं.

कुरकुरे_काका
पाट्या आदल्या रात्री लावू नका. सकाळी, माणसं आल्यावर.